‘प्रेझेंटली’ म्हणजे नेमके कधी? एका क्रियाविशेषणाच्या निमित्ताने ऑक्सफर्ड कोशाच्या ऑनलाइन सेवेचे परीक्षण

मोठ्या कोशाची परीक्षा अवघड शब्दांवर घेण्यात फारसा अर्थ नसतो. अवघड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो सगळेच कोश थोड्याफार फरकाने सारखाच देतात. कोशाचा कस लागतो तो रोजच्या वापरातल्या, कोणी कधी उघडून न पाहिलेल्या शब्दावर. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ची ऑनलाइन सेवा सशुल्क आहे, आणि इंग्रजीशी रोज संबंध येणाऱ्या मराठी माणसाने तिच्यावर पैसे खर्च करावेत का, असा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यासाठी ‘प्रेझेंटली’ हे एकच क्रियाविशेषण घेऊन त्याची नोंद या सेवेत कशी वाचता येते, तिच्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे येथे सविस्तर मांडतो.

हा शब्द निवडण्याचे कारण आपल्याच व्यवहारात आहे. नोकरीच्या अर्जांत, बायोडेटात, कार्यालयीन पत्रांत आणि लग्नाच्या इंग्रजी परिचयपत्रांतसुद्धा ‘सध्या’ या अर्थाने ‘प्रेझेंटली’ सर्रास लिहिला जातो: प्रेझेंटली वर्किंग अमुक ठिकाणी, प्रेझेंटली रिसायडिंग तमुक ठिकाणी. दुसरीकडे शाळा-महाविद्यालयांतील इंग्रजीचे शिक्षक आणि ‘नेहमीच्या चुका’ सांगणारी मार्गदर्शक पुस्तके या वापराखाली लाल रेघ ओढतात. ‘प्रेझेंटली’ म्हणजे ‘थोड्या वेळात’, आणि ‘सध्या’ म्हणायचे असेल तर ‘अ‍ॅट प्रेझेंट’ लिहावे, असा त्यांचा दंडक असतो. हा दंडक इतक्या खात्रीने सांगितला जातो की तो आला कोठून, असे सहसा कोणी विचारत नाही. तो कोठून आला असावा, याचा एक धागा ज्या कोशाचे हे परीक्षण आहे त्याच्याच जुन्या पानापर्यंत जातो. तो भाग पुढे येईलच.

आधी या सेवेचा थोडा परिचय. हा कोश वर्णानुक्रमाने शब्द देत असला, तरी त्याची मूळ प्रतिज्ञा ऐतिहासिक आहे. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे १८५७मध्ये रिचर्ड शेनेविक्स ट्रेंच यांनी तत्कालीन इंग्रजी कोशांतील उणिवांवर निबंध वाचला आणि त्यातून या प्रकल्पाची कल्पना पुढे आली. १८७९मध्ये जेम्स मरे संपादक झाले, पहिला भाग १८८४मध्ये निघाला आणि अखेरचा १९२८मध्ये. तोपर्यंत चार लाखांहून अधिक शब्द आणि अठरा लाखांहून अधिक अवतरणे छापून झाली होती, आणि मरे यांना जाऊन तेरा वर्षे लोटली होती. १९८९ची दुसरी आवृत्ती वीस खंडांची होती. कोश २००० सालच्या मार्चमध्ये ऑनलाइन आला आणि तेव्हापासून प्रत्येक नोंद नव्याने तपासण्याचे काम टप्प्याटप्प्याने चालू आहे. प्रत्येक अर्थ लेखी पुराव्यात प्रथम केव्हा दिसला आणि पुढे कसकसा वापरला गेला, हे तारीखवार अवतरणांनी दाखवायचे, ही शिस्त मात्र १८५७पासून आजपर्यंत तीच आहे.

शोधखिडकीत शब्द टाकल्यावर जे पान उघडते, त्याची २०२३मध्ये नवी मांडणी करण्यात आली. पहिल्या भागात शब्दाचा गोषवारा असतो: नोंदीत किती अर्थ आहेत, त्यांपैकी किती लुप्त मानले आहेत, सर्वांत जुना पुरावा कोणत्या काळातला, व्युत्पत्ती कोणती आणि शब्दाचा वापर साधारण किती प्रमाणात होतो. एवढा भाग कोणालाही मोफत पाहता येतो. अर्थ आणि वापर, उच्चार, जुनी वर्णलेखने, वारंवारता, व्युत्पत्तीचा तपशील हे पुढचे भाग वेगवेगळ्या टॅबखाली आहेत आणि त्यांतील बहुतांश मजकूर वर्गणीदारांसाठी राखीव आहे. पूर्वीच्या छापील पानावर व्युत्पत्ती, अर्थ आणि अवतरणे एका नजरेच्या टप्प्यात असत. आता त्यासाठी या टॅबवरून त्या टॅबवर जावे लागते. ही मांडणी मला फारशी रुचली नाही. भ्रमणध्वनीवर घाईने काही पाहणाऱ्याला ती सोयीची असेल, परंतु हा कोश घाईत पाहण्यासाठी नाहीच.

वर्गणीदाराने सर्वप्रथम ‘अर्थ आणि वापर’ हा भाग उघडावा, आणि व्याख्यांवरून नजर फिरवून थेट अवतरणे वाचावीत. पैसे खरोखर त्यांचेच आहेत. व्याख्या इतरत्रही मिळते. शतकानुशतकांचे पुरावे एकाखाली एक मांडलेले इतरत्र क्वचितच मिळतात.

‘प्रेझेंटली’चा पाया ‘प्रेझेंट’ हे विशेषण. ते लॅटिनमधील ‘समोर असलेला, हजर’ या अर्थाच्या शब्दावरून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले आणि त्याला इंग्रजीचा नेहमीचा क्रियाविशेषणाचा प्रत्यय जोडला गेला. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पंधराव्या शतकापर्यंत हा शब्द रुळत गेला. व्युत्पत्तीला सरळ धरून त्याचे जे अर्थ निघतात, ते म्हणजे ‘या घडीला’ आणि ‘या घडीलाच’. पहिला स्थितिवाचक आहे, दुसरा निकडीचा. ‘सध्या’ आणि ‘ताबडतोब’ या दोन मराठी शब्दांत जेवढे अंतर आहे तेवढे त्या काळच्या ‘प्रेझेंटली’च्या दोन अर्थांत नव्हते. समोरचा क्षण हीच दोहोंची मुळाशी असलेली कल्पना होती. ‘थोड्या वेळात’ हा अर्थ, म्हणजे आज ज्याला शिक्षक एकमेव शुद्ध अर्थ मानतात तो, सोळाव्या शतकात डोकावू लागतो. थोडक्यात, आपल्या अर्जांतील ‘प्रेझेंटली वर्किंग’मागचा अर्थ हा लाल रेघेमागच्या अर्थापेक्षा वयाने मोठा आहे.

निकडीचा अर्थ किती जोरकस होता, ते पाहायला १६११ हे साल फार सोयीचे आहे, कारण इंग्रजी गद्य-पद्यातल्या दोन ठळक गोष्टी त्या एका वर्षात जवळजवळ आल्या. राजे जेम्स यांच्या आज्ञेने झालेले बायबलचे भाषांतर त्या वर्षी छापले गेले, आणि शेक्सपिअरचे ‘द टेम्पेस्ट’ त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये राजदरबारी सादर झाल्याची नोंद आहे.

बायबलमधील मत्तयकृत शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात येशू वाटेवरच्या एका अंजिराच्या झाडापाशी येतो. झाडाला पानांखेरीज काही नसते. ‘यापुढे तुला कधीही फळ न येवो’ असे तो म्हणतो, आणि पुढचे वाक्य येते: ‘अँड प्रेझेंटली द फिग ट्री विदर्ड अवे.’ आजच्या वाचकाने येथे ‘थोड्या वेळाने’ असा अर्थ घेतला तर प्रसंगातला चमत्कारच नाहीसा होतो. झाडे तशी थोड्या काळाने वाळतातच. मूळ ग्रीक शब्द ‘त्याच क्षणी’ असे सांगतो आणि १६११च्या भाषांतरकारांना त्यासाठी ‘प्रेझेंटली’ पुरेसा कडक वाटला होता. १८८१मध्ये जेव्हा सुधारित इंग्रजी भाषांतर निघाले, तेव्हा त्या मंडळींनी येथे ‘प्रेझेंटली’ काढून ‘इमिजिएटली’ घातला. मूळ ग्रीक तेच होते. दोनशे सत्तर वर्षांत इंग्रजी शब्द ढिला पडला होता. त्याच शुभवर्तमानाच्या सव्विसाव्या अध्यायात, येशूला पकडायला लोक येतात तेव्हा तो म्हणतो की मी मागितले तर पिता ‘प्रेझेंटली’ देवदूतांच्या बारा सैन्यांहून अधिक सैन्य देईल. तेथेही १८८१च्या मंडळींना शब्द बदलावा लागला. तलवारी उपसलेल्या असताना थोड्या वेळात येणारी मदत कोणाच्या कामाची?

‘द टेम्पेस्ट’मधील जागा तर व्याख्येसारखीच आहे. चौथ्या अंकात जादूगार प्रॉस्पेरो आपला सेवक एरिअल याला सोबत्यांना घेऊन यायला सांगतो. एरिअल एकाच शब्दात विचारतो, ‘प्रेझेंटली?’ आणि प्रॉस्पेरो उत्तरतो, ‘आय, विथ अ ट्विंक’, म्हणजे हो, पापणी लवते न लवते तोच. त्यावर एरिअल लगोलग पद्यात म्हणतो की ‘ये’ आणि ‘जा’ म्हणायच्या आत, दोनदा श्वास घ्यायच्या आत, ते सगळे येथे हजर होतील. नाटककाराने एका पात्राच्या तोंडून शब्द विचारून घेतला आहे आणि दुसऱ्याच्या तोंडून त्याची मुदत निश्चित केली आहे. अशी अवतरणे कोशकाराला लाभली की त्याला व्याख्या लिहिण्याचे श्रमच उरत नाहीत. मुदत विचारून घ्यावी लागली, याचा अर्थ शब्द तेव्हाच थोडा डळमळू लागला होता, असेही कोणी म्हणू शकेल. मला तसे वाटते, पण पुराव्यादाखल मी ते पुढे करणार नाही.

‘ताबडतोब’चा ‘थोड्या वेळात’ कसा होतो, हे या सेवेतील दुसऱ्या एका सोयीने अधिक चांगले कळते. ग्लासगो विद्यापीठात १९६५मध्ये सुरू झालेला आणि २००९मध्ये प्रसिद्ध झालेला ऐतिहासिक पर्यायकोश या नोंदींना जोडलेला आहे. एखाद्या अर्थापाशी जाऊन त्याची वाट धरली, की तोच अर्थ सांगणारे सर्व शब्द कालक्रमाने समोर येतात. ‘ताबडतोब’ या अर्थाची अशी यादी उघडली की ‘प्रेझेंटली’ एकटा घसरलेला नाही, हे लक्षात येते. ‘सून’ हा आजचा साधा शब्द जुन्या इंग्रजीत ‘तत्क्षणी’ असा होता. ‘अनॉन’ मुळात ‘एका सरळीने, लगेच’ असा होता. ‘बाय अँड बाय’ आज आळसावलेला वाटतो. परंतु १६११च्या बायबलात हेरोदियेची मुलगी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात मागते ते ‘बाय अँड बाय’ हवे म्हणून, आणि ती काही सवडीने मागत नव्हती. ‘इनकॉन्टिनंटली’ हाही एके काळी ‘तत्काळ’च होता. ‘ऑथेल्लो’तला प्रेमभंग झालेला रॉडरिगो ‘मी इनकॉन्टिनंटली बुडून जीव देतो’ असे म्हणतो, त्यावर आजचे विद्यार्थी हसतात ते वेगळ्याच कारणाने: आज त्या शब्दातून मलमूत्रावर ताबा नसल्याचा अर्थ निघतो.

या घसरणीचे कारण माणसाच्या स्वभावात आहे आणि शेक्सपिअरनेच ते रंगमंचावर उभे केले आहे. ‘हेन्री द फोर्थ’च्या पहिल्या भागात खानावळीत काम करणारा फ्रान्सिस नावाचा पोरगा आहे. राजपुत्र हॅल त्याला एका बाजूने बोलण्यात गुंतवतो आणि त्याचा मित्र पॉइन्स दुसऱ्या खोलीतून हाका मारत राहतो. बिचारा फ्रान्सिस प्रत्येक हाकेला ‘अनॉन, अनॉन, सर’ म्हणतो आणि जागचा हलत नाही. आपल्याकडे उपाहारगृहातला पोऱ्या ‘आलो, आलो’ म्हणतो आणि चहा यायला पाव तास लागतो, तसेच हे. शब्द देणाऱ्याने दिला ‘लगेच’ म्हणून, ऐकणाऱ्याला अनुभव आला ‘थोड्या वेळाने’चा, आणि पिढ्यान्‌पिढ्या असेच चालले की कोशकाराला नवा अर्थ क्रमांक टाकून लिहावा लागतो. पर्यायकोशाची ही जोड मला या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. एका नोंदीत हे दिसत नाही. शेजारी शेजारी ठेवलेल्या शब्दांतच दिसते.

आता ‘सध्या’ या अर्थाकडे. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५च्या कोशात ‘प्रेझेंटली’चा पहिलाच अर्थ ‘सध्या, या वेळी, आता’ असा आहे आणि ‘ताबडतोब, लवकरच’ हा दुसरा. परंतु पहिल्या अर्थाला जॉन्सननी दिलेली अवतरणे सिडनी आणि हूकर या सोळाव्या शतकातील लेखकांची आहेत. खुद्द जॉन्सन यांच्या काळच्या ग्रंथांतून तो अर्थ मागे पडत चालला होता, असे यावरून म्हणता येते. पुढे दीडशे वर्षांनी, १९०९मध्ये, ऑक्सफर्ड कोशाच्या ‘पी’ अक्षराचा हा भाग प्रसिद्ध झाला. त्याचे संपादन खुद्द मरे यांच्याकडे होते. त्यांनी ‘सध्या’ या अर्थावर अशी टीप दिली की साहित्यिक इंग्रजीत सतराव्या शतकापासून तो लुप्त आहे, मात्र इंग्लंडच्या बहुतेक बोलींत तो नित्य वापरात आहे.

या टिपेचा दुसरा अर्धा भाग काळजीपूर्वक वाचावा असा आहे, कारण पुढच्या काळातील शुद्धतावाद्यांनी तो वाचल्याचे दिसत नाही. ‘लुप्त’ एवढाच शब्द उचलला गेला. अमेरिकेतील मेरिअम-वेब्स्टर कोशाने या शब्दाखाली एक टिप्पणी दिली आहे. हा अर्थ पंधराव्या शतकापासून अखंड वापरात असताना त्याला आक्षेप का घेतला जातो हे स्पष्ट नाही, असे तीत म्हटले आहे आणि दोष कदाचित ऑक्सफर्डच्या १९०९च्या टिपेकडे जातो, अशी शंका व्यक्त केली आहे. तीच टिप्पणी आणखी एक गोष्ट निदर्शनास आणते, आणि ती मोठी गमतीची आहे. ऑक्सफर्डने ज्या अर्थाला लुप्त म्हटले, त्याखाली त्याच कोशाने दिलेले शेवटचे अवतरण १९०१चे, लीड्समधील एका वृत्तपत्रातील आणि चांगल्या प्रमाण इंग्रजीतले आहे. म्हणजे मृत्यूचा दाखला आणि हयातीचा दाखला एकाच पानावर.

मरे यांच्यासारख्या माणसाकडून हे घडले, याचे नवल वाटते. ते स्वतः स्कॉटलंडच्या सीमाभागातले. दक्षिण स्कॉटलंडच्या बोलीवर त्यांनी १८७३मध्ये ग्रंथ लिहिला होता, आणि ‘सध्या’ या अर्थाचा ‘प्रेझेंटली’ स्कॉटलंडमध्ये कधीच थांबलेला नव्हता. बोलीभाषांविषयी तुच्छता हे त्याचे कारण नक्कीच नव्हे. तसे असते तर टिपेचा दुसरा अर्धा भाग आलाच नसता. कारण कामाच्या पद्धतीत होते. कोशाची सामग्री म्हणजे स्वयंसेवी वाचकांनी पुस्तके वाचून पाठवलेल्या चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचे वाक्य, ग्रंथ आणि साल. वाचक कोणती पुस्तके उचलत? अर्थातच नावाजलेली. दुसऱ्या आवृत्तीपर्यंत एकट्या शेक्सपिअरची सुमारे ३३,००० अवतरणे कोशात होती. कचेरीतली पत्रे, व्यापाऱ्यांच्या नोंदी, नगरपालिकांची इतिवृत्ते या मार्गाने येणे अवघडच होते. आणि मेरिअम-वेब्स्टरच्या म्हणण्याप्रमाणे हा अर्थ आजही सर्वाधिक आढळतो तो व्यापार-उद्योगाच्या आणि राजकारणाच्या लेखनात. ज्या लिखाणात तो शब्द रोज राबत होता, तेथे चिठ्ठ्या लिहिणारे फारसे पोहोचले नाहीत, आणि ज्या लिखाणात ते पोहोचले तेथे त्याला कामच नव्हते.

आजच्या संपादकांनी ही बाजू बरीच सुधारली आहे. नव्याने तपासलेल्या नोंदींत वृत्तपत्रे, पत्रव्यवहार आणि दस्तऐवज मोठ्या प्रमाणात येतात, आणि सर्वाधिक अवतरणांच्या मानात आता लंडनच्या ‘द टाइम्स’ या दैनिकाने शेक्सपिअरला मागे टाकले आहे. ‘प्रेझेंटली’चा ‘सध्या’ हा अर्थ आज कोणताही मोठा कोश मृत मानत नाही. परंतु भारतीय इंग्रजीचा विचार करता माझे समाधान होत नाही. ज्या देशात हा अर्थ सरकारी पत्रांपासून बायोडेटापर्यंत रोज लिहिला जातो, त्या देशातील कागदपत्रांचा आवाज या कोशात अजून क्षीण आहे. ‘जंगल’, ‘लूट’ असे आपल्याकडून गेलेले शब्द कोशात थाटाने आहेत. इंग्रजीचेच शब्द आपण कोणत्या अर्थाने वापरतो, हे शोधू लागले की मात्र पाने झपाट्याने संपतात.

वारंवारतेच्या आलेखाविषयीही सावध करणे आवश्यक आहे. एखादा शब्द १७५०पासून दर दहा लाख शब्दांमागे किती वेळा आला, असा हा आलेख गूगलने संगणकात उतरवलेल्या पुस्तकांच्या साठ्यावर बेतलेला असतो. तो पाहायला आकर्षक आहे, पण तो अक्षरे मोजतो, अर्थ मोजत नाही. ‘प्रेझेंटली’ची रेषा खाली आली तर ‘थोड्या वेळात’ मागे पडला की ‘सध्या’, हे त्यावरून सांगता येत नाही, आणि आपल्याला हवे असते ते नेमके हेच. शिवाय मोजणी पुन्हा पुस्तकांचीच. मरे यांच्या चिठ्ठ्यांचा जो दोष तोच येथे यंत्राने केलेला आहे, एवढे ध्यानात ठेवून आलेख पाहावा.

किमतीचा मुद्दा टाळता येणार नाही. वैयक्तिक वर्गणी वर्षाला शंभर पौंडांच्या आसपास जाते. आपल्या रुपयांत ती मराठी कोशांच्या संपूर्ण संचालाही भारी पडेल. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी तर ती मुळीच भरू नये, कारण तेथील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या सभासदत्वावर ही सेवा घरबसल्या मोफत मिळते आणि केवळ ग्रंथालयाच्या सभासद-कार्डाचा क्रमांक टाकावा लागतो. भारतात ज्यांचा एखाद्या विद्यापीठाशी किंवा संशोधनसंस्थेशी संबंध आहे, त्यांनी आपल्या ग्रंथपालाकडे चौकशी केल्याशिवाय पैसे भरू नयेत.

ज्यांना यांपैकी कोणताच मार्ग नाही, त्यांना मोफत साधनांवर बरेच काम भागवता येते. कोशाच्या पहिल्या आवृत्तीचे स्वामित्व संपले असून तिचे खंड ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर वाचता येतात, मरे यांची ती टीप मूळ पानावर पाहण्याची मौज कोणीही घेऊ शकतो. १५००पूर्वीच्या वापरासाठी मिशिगन विद्यापीठाचा मध्यकालीन इंग्रजीचा कोश विनामूल्य खुला आहे. १६११चे बायबल आणि शेक्सपिअर तर सर्वत्र आहेत. ‘प्रेझेंटली’पुरते बोलायचे तर या परीक्षणात सांगितलेल्या कथेचा मोठा भाग या साधनांतून कोणालाही स्वतः तपासता येईल. जे मिळणार नाही ते म्हणजे गेल्या शंभर वर्षांतील तपासलेली अवतरणे आणि पर्यायकोशाची जोड.

मराठी वाचकाला येथे एक तुलना सुचल्यावाचून राहत नाही. ट्रेंच यांनी लंडनमध्ये निबंध वाचला त्याच १८५७ साली मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत प्रसिद्ध झाली. पहिली त्याआधी १८३१मध्ये निघाली होती. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२पासून सात खंडांत आला, आणि प्राचीन मराठीसाठी तुळपुळे-फेल्डहाउस यांचा १९९९चा कोश आहे. हे सर्व शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात एक रुपयाही न देता शोधता येतात. दाते-कर्व्यांत अवतरणे आहेत, तुळपुळे-फेल्डहाउसांत आधार आहेत. पण एका अर्थाची ज्ञानेश्वरीपासून कालच्या वृत्तपत्रापर्यंतची तारीखवार मालिका मराठीत कोठेही नाही. ‘लगेच’, ‘एवढ्यात’, ‘आत्ता’ यांचे निकडीचे अर्थ केव्हा आणि कोणाच्या लिखाणात सैल होत गेले, हे आज कोणी विचारले तर उत्तर शोधायला बखरी आणि पत्रसंग्रह घेऊनच बसावे लागेल.

मग ही सेवा कोणी घ्यावी? बोलण्यातले इंग्रजी सुधारायचे असेल, स्पर्धापरीक्षेची तयारी करायची असेल, किंवा एखाद्या शब्दाचा आजचा अर्थ आणि उच्चार हवा असेल, तर मुळीच घेऊ नये. त्यासाठी विद्यार्थ्यांचे मोफत ऑनलाइन कोश अधिक उपयुक्त आणि कितीतरी सुटसुटीत आहेत. जुन्या इंग्रजी ग्रंथांचे भाषांतर करणाऱ्यांना, पेशवाईतील इंग्रजी पत्रव्यवहार किंवा कंपनी सरकारचे कागद वाचणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र ती अत्यावश्यक म्हणावी अशी आहे. सतराव्या-अठराव्या शतकातील इंग्रजी पत्रात ‘प्रेझेंटली’ दिसला की तेथे ‘लवकरच’ लिहून मोकळे होता येत नाही. फौज ‘लवकरच’ निघणार होती की ‘तत्काळ’ निघाली होती, यावर घटनेचा क्रम अवलंबून असू शकतो. अशा वाचकाने वर्षभराऐवजी कामापुरती, कमी मुदतीची वर्गणी मिळते का, हे आधी पाहावे.

आणि ज्या अर्जदारांना लाल रेघेची भीती वाटते, त्यांच्यासाठी व्यवहारातली गोष्ट एवढीच की क्रियापद वर्तमानकाळी असेल तर ‘प्रेझेंटली’ म्हणजे ‘सध्या’ हे वाचणाऱ्याला आपोआप कळते, आणि भविष्यकाळी असेल, जसे ‘द डॉक्टर विल सी यू प्रेझेंटली’, तर ‘थोड्या वेळात’. घोटाळा होतो तो ‘शी इज प्रेझेंटली लीव्हिंग’ यासारख्या वाक्यात, जेथे दोन्ही अर्थ बसतात. तेथे दुसरा शब्द घ्यावा. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘अ‍ॅट प्रेझेंट’ लिहावे, कारण गुण देणारे मेरिअम-वेब्स्टरची टिप्पणी उघडून बसलेले नसतात. बायोडेटात मात्र ‘प्रेझेंटली वर्किंग’ खुशाल राहू द्यावे.